मास्तरांच्या वाटचा घास

१

अर्ध्या शहराच्या तोंडात कवळीमास्तरांची कारागिरी होती, आणि मास्तरांच्या स्वतःच्या तोंडात कायम काहीतरी गोड. लोकांना कवळ्या करून देणाऱ्या ह्या माणसाचे स्वतःचे दात मात्र दगडासारखे भक्कम. "देव देतो त्याला छप्पर फाडून," असं त्यांची बायको म्हणायची आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून द्यायची. मास्तर स्टूल आणायचे.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवत. मास्तर त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढत, जबड्यांवर मेण लावत, मेणात दात बसवत, आणि मग घासून, चमकवून कवळी तयार करत. भिंतीवरच्या फळीवर पांढरे जबडे ओळीने मांडलेले असत. नवखा माणूस दारातच थबकायचा. मास्तरांना मात्र सगळी मंडळी घरच्यासारखी. "ह्या शाळेतल्या बाई, हे पोस्टातले साहेब, आणि हा एक कंजूष, पुढच्या चारच दातांचे पैसे देणार म्हणतो," असं ते ओळख करून देत.

दुपारचं जेवण उरकलं की मास्तर फ्रिज उघडून दाराआड उभे राहात. शर्टाच्या खिशात चमचा असेच. जॅमची बाटली, आटवलेल्या दुधाचा डबा, नाहीतर क्रीमची बिस्किटं. तोंडात घास गेला की त्यांच्या नाकातून एक गुणगुण निघायची, सूर ना ताल, पण ऐकणाऱ्यालाही बरं वाटावं अशी. त्या गुणगुणीमुळे ते दर वेळी पकडले जात.

"अहो, आत्ताच जेवलात ना? पोट भरलं नाही का?"

"पोट भरलं गं. पण पोटाला काय कळतंय? त्याला चव असते होय?"

ह्यावर बायको रागवायची, पण हसतहसत. आणि खरं सांगायचं तर ज्याच्या जिभेला असं कधी पाणी सुटलं नाही त्याने मास्तरांना नावं ठेवू नयेत. मनाचा लगाम वगैरे बोलायला ठीक आहे. समोर क्रीमचा केक ठेवा, मग बोला.

पण एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते. रक्तातली साखर अशीच राहिली तर हळूहळू दिसेनासं होईल, आणि एकदा गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दात बनवणाऱ्याचे डोळे गेले तर राहिलं काय? त्या दिवशी बायकोने घरातली एकूण एक बाटली रिकामी केली आणि सिंकपाशी उभी राहून रडली. मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. तो शब्द संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी शेजारीण वाढदिवसाचा केक घेऊन आली.

२

केकचा तो तुकडा बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून मास्तर मागच्या खोलीत घेऊन गेले. टेबलावर बशी ठेवली आणि समोर बसून राहिले. हात पुढे जाई, मागे येई. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. लाज वाटून भूक जात नाही, उलट वाढते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या जबड्यांवर गेली. हे जबडे त्यांचेच होते. प्लास्टरचं नवं पोतं फोडलं की मास्तर पहिलं माप स्वतःच्या तोंडाचं घेत. पेशंटच्या मापावर प्रयोग कशाला? प्लास्टर नीट बसलं की तो नमुना कचऱ्यात जायचा. ह्या खेपेला मात्र तो इतका सुरेख उतरला होता, दातांच्या कडा, हिरडीची वळणं, कोपऱ्यातली चीर, सगळं जसंच्या तसं, की टाकवेना. म्हणून त्यांनी तो बिजागरीच्या चौकटीत बसवून ठेवला होता. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतो ते पाहायला अशी पितळेची चौकट असते. तोंडासारखी उघडते, मिटते.

मास्तरांना हसू आलं. त्यांनी चौकट उघडली, केकचा तुकडा त्या पांढऱ्या दातांमध्ये ठेवला आणि म्हणाले, "घे बाबा. माझ्या वाटचं तू खा. खाणं तुझं, पथ्य माझं."

आणि गंमत अशी की त्याच क्षणी त्यांची इच्छा गेली. मन मारलं, दाबलं, असलं काही नाही. दिव्याचं बटण बंद करावं तशी गेली. मास्तर दोन मिनिटं स्वतःच्या जिभेची वाट बघत बसले. ती गप्प होती.

मोठ्या खुशीत त्यांनी दार ओढून घेतलं आणि बायकोबरोबर बसून उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. सकाळी कामाला आत आले तर चौकट मिटलेली होती आणि केक नव्हता. पुढच्या दोन दातांना मात्र क्रीम लागलं होतं.

३

मास्तर काही खुळे नव्हते. पहिला संशय त्यांनी बायकोवर घेतला.

"मी?" बायकोने कपाळावर हात मारला. "त्या दातांच्या तोंडातलं खायला मला काय भीक लागलीय? शी!"

मग उंदीर. पण उंदीर कण सांडतो, लेंडी टाकतो, आणि मुख्य म्हणजे खाऊन झाल्यावर तोंड मिटून ठेवत नाही. मुंग्या? मुंग्यांना क्रीमचा केक म्हणजे आठवड्याचं काम. मास्तरांनी खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि दातांमध्ये बिस्किट ठेवून बाहेर अंगणात खुर्ची टाकून बसले. उन्हात बरं वाटत होतं. थोड्या वेळाने आतून आवाज आला. कुड्. मग जरा थांबून पुन्हा, कुड् कुड्. माणूस पहिला घास घेताना जसा सावकाश, चव बघत चावतो तसा.

त्यांनी कुलूप काढलं. बिस्किट संपलं होतं.

शेवटी त्यांनी धंद्यातलीच युक्ती केली. वरचा दात खालच्या दाताला कुठे टेकतो हे बघायला एक पातळ निळा कागद असतो, तो मध्ये धरला की चाव्याच्या खुणा उमटतात. मास्तरांनी बिस्किटाखाली तो कागद ठेवला. दुपारी खिडकीच्या उजेडात भिंग लावून पाहिलं. चौकटीची बिजागरी फक्त वर-खाली हलते. तिच्यात पकडलेल्या दातांच्या खुणा ठिपक्यांसारख्या यायला हव्यात. ह्या खुणा आडव्या होत्या, डावीकडून उजवीकडे घासत गेलेल्या. जिवंत जबडा चघळतो तशा. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या ओळखीच्या होत्या. मास्तर सगळं उजव्या बाजूने चावत.

मग त्यांनी कागद चुरगाळून टाकला. अंगात किती हलकं वाटत होतं, जेवण होऊनही जीभ कशी शांत होती, हेच त्यांना त्या वेळी जास्त मोठं वाटलं. आयत्या मिळालेल्या सुखाचं मूळ कशाला शोधा?

४

पुढचे दिवस मोठे मजेत गेले. सकाळी मास्तर बेकरीतून ताजं काहीतरी आणत, कधी चॉकलेटचा तुकडा, कधी साखर घोळलेला गोल पाव, कधी नुसते तळलेले बटाट्याचे काप. जे खावंसं वाटे तेच आणायचं, दातांत ठेवायचं, आणि इच्छा तिथेच सोडून बाहेर यायचं. बेकरीवाली डोळे मिचकावून म्हणाली, "मास्तर, पथ्य सुटलं वाटतं?"

"माझं नाही हो. घरी पाहुणे आहेत."

पट्टा आत आत सरकला. रक्ताचा रिपोर्ट असा आला की डॉक्टरीणबाईंनी तो पुन्हा करायला लावला. दुसराही तसाच आला. ठिपके वाढायचे थांबले होते. "लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं, कुणी ऐकत नाही. तुम्ही केलं तरी काय?" त्यांनी विचारलं. मास्तर मिशीत हसले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. ती आधी हसली, मग चौकटीकडे लांबून बघून आली. "जाऊ दे," ती म्हणाली. "तुमचे डोळे वाचले ना? मग एका बिस्किटाने आपलं काय जातंय? घरात मांजर पाळतात, त्यालाही घालावंच लागतं."

त्या संध्याकाळी दोघं खूप दिवसांनी फिरायला गेली. वाऱ्याला झाडं हलत होती, रस्त्यावर पोरं सायकली चालवत होती. मास्तरांना लांबच्या पाट्या वाचता येत होत्या, आणि ते एकेक पाटी मोठ्याने वाचत चालले होते. बायकोला हसू आवरेना.

फक्त कामाच्या खोलीत मास्तरांच्या कारागीर डोळ्यांना काही गोष्टी दिसू लागल्या. प्लास्टरच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. एका दाढेत बारीक तपकिरी खड्डा पडला होता, किडीचा असतो तसा. आणि प्लास्टर ओलं होतं. त्यांनी बोट लावून पाहिलं. कोमट लागलं.

५

आधी गोड गेलं होतं. मग तळलेलं गेलं. मग चहाची तल्लफ गेली, आणि एक दिवस सकाळची भूकही. बायको ताट वाढी, मास्तर ते संपवत, पण फॉर्म भरावा तसे, रकान्यामागून रकाना.

"आवडलं?"

"हो. चांगलं आहे."

उद्याही हेच, परवाही हेच. सुरात तसूभर फरक नाही. तिने केस नव्या तऱ्हेने बांधले, "चांगलं आहे." तिची बहीण येऊन जुन्या गमती सांगून गेली, पोट धरधरून हसण्यासारख्या, तरी "चांगलं आहे." एकदा तिने मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. तेही चांगलंच होतं.

"अहो, मला एक सांगू?" ती शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही चोरून खायचात, मी ओरडायचे, तेव्हा घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. आता तुम्ही समोर बसता आणि मला एकटीला भीती वाटते."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती रडतेय हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, पापणीवरचा थेंबसुद्धा. इथे आपल्याला काहीतरी व्हायला हवं, हेही कळत होतं. त्यांनी आत शोधलं. आत स्वच्छ, झाडलेली, रिकामी खोली होती. त्यात दुःखही नव्हतं, हीच खरी पंचाईत. नाहीतर ते घाबरले असते.

आणि तेव्हाच मागच्या खोलीतून गुणगुण ऐकू आली. सूर ना ताल. तोंडात घास असताना नाकातून निघते तशी.

बायकोचं रडणं थांबलं. तिने मान वळवली. मास्तरांनी तिच्या चेहऱ्यावर जे पाहिलं त्याला भीती म्हणता आलं नसतं. बाहेरगावी गेलेल्या माणसाची पावलं दाराशी वाजावीत, तशी ती उजळली होती.

मास्तर उठले. डोक्याने विचार करायची ताकद अजून शाबूत होती, आणि डोकं सांगत होतं की जे गेलं ते परत घ्यायला हवं, आजच्या आज. खोलीत चौकट उघडी होती, दातांत मास्तरांनीच सकाळी सवयीने ठेवलेल्या, जॅम लावलेल्या पावाचा अर्धा तुकडा होता. त्यांनी तो ओढला. सुटेना. जोर लावला तेव्हा कुठे निघाला, दातांच्या खुणांसकट. त्यांनी तो तोंडात टाकला आणि चावला, पुन्हा पुन्हा चावला. जॅम लागला नाही, पाव लागला नाही. कोरडं, पांढरं, पिठूळ प्लास्टर लागलं. ते त्यांनी थुंकलं आणि टेबलावरचा हातोडा उचलला.

"अहो, नको!" बायको धावत आली. तिने त्यांचा हात धरला नाही. ती टेबलाशी जाऊन चौकटीच्या पुढे उभी राहिली, दोन्ही हात मागे नेऊन, पदार्थ झाकावा तसे तिने ते दात झाकले.

"फोडलं तर मला परत मिळेल गं सगळं. भूक, चव. मग मी तुझ्यावर चिडेन, हसेन. डोळे गेले तर गेले."

"आणि नाही मिळालं तर?" ती हळूच म्हणाली. "फुटलं आणि तुम्ही असेच राहिलात, तर माझ्याकडे काय उरेल?"

मास्तर हातोडा घेऊन तसेच उभे राहिले. बायकोने मागे वळून चौकटीकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे, आणि अगदी समजुतीच्या स्वरात, पाहुण्याला सांगावं तसं, तिने सांगितलं, "ठेवा तो हातोडा. ह्यांना लागेल."

आयुष्यभर ती "हे" म्हणे ते फक्त एकाच माणसाला.

मास्तरांनी हातोडा ठेवून दिला. रागही आला नाही.

६

आता सगळं सुरळीत आहे. कामाची खोली बायकोने मागितली आणि मास्तरांनी दिली. त्यांचं टेबल आता घरातल्या मधल्या बोळात, त्या खोलीच्या दाराबाहेर आहे, उजेड चांगला येतो. कवळ्या पूर्वीपेक्षाही सुबक होतात, कारण मध्येच उठून फ्रिज उघडायला कुणी जात नाही. डॉक्टरीणबाई त्यांचं उदाहरण इतर पेशंटना देतात. ठिपके पुसून गेले. असं सहसा होत नाही म्हणे.

बायको गाते. तिचं वजन थोडं वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं. ती केक करायला शिकली आहे. दुपारी बोळातून दाराआडचे आवाज येतात. बशीचा, चमच्याचा, तिच्या बोलण्याचा. "पुरे हं आता. एकच. काय हावरटपणा हा!" आणि मग तिचं हसू, लग्नाच्या नवलाईतलं. त्यानंतर दुसरंही कुणीतरी हसतं. तोंड भरलेलं असल्यामुळे ते नीट कळत नाही.

एकदा दार जरा उघडं राहिलं होतं. मास्तरांनी मान वर केली. त्यांना दिसायचं तेवढं सगळं अगदी स्पष्ट दिसलं. बायकोची पाठ. एका हातात बशी. दुसऱ्या हातात रुमाल, आणि तो रुमाल टेबलावर टेकलेला नव्हता. स्टुलावर बसलेल्या माणसाची हनुवटी जिथे यावी, बरोबर तेवढ्या उंचीवर ती हलक्या हाताने काहीतरी टिपत होती. स्टुलाची गादी दबलेली होती. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, तरी दार आतून सावकाश लोटलं गेलं.

मास्तरांनी चष्मा पुसला. आता त्याची गरज नव्हती, सवयीने पुसला. ह्यावर काय वाटायला हवं होतं ते त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. मत्सर हा शब्द आठवला. मग ते पुन्हा मेणात दात बसवू लागले.

संध्याकाळ होत आली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ताटात गरम केक होता, वरून साय सोडलेली, आणि वास साऱ्या घरात पसरलेला. "अहो, आले हं," तिने हाक दिली. हाकेला ओ द्यायला मास्तरांनी तोंड उघडलं, पण तोवर दाराआडून "ओ" आली, भरभरून, भुकेली. बायकोचे डोळे त्या दाराकडे होते. बोळ अरुंद होता, तिचा पाय अडखळला असता.

मास्तरांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.